मुंबई–ठाणे प्रवासमार्ग : अंतर व प्रवासकाळ

मुंबई–ठाणे प्रवासमार्ग : मुंबई बेट आणि साष्टी बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरील ठाणे शहर यांना जोडणारा, महाराष्ट्रातील एक प्राचीन व अत्यंत वर्दळीचा मार्ग. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (पूर्वीचे बोरीबंदर व नंतरचे व्हिक्टोरिया टर्मिनस) ते ठाणे हे लोहमार्गाने अंतर सु. ३४ किमी. (२१ मैल) असून तेथून कल्याण आणखी सु. २० किमी. आहे. भारतातील प्रवासी वाहतुकीच्या पहिल्या आगगाडीने १६ एप्रिल १८५३ रोजी हे अंतर रूढ नोंदीनुसार ५७ मिनिटांत तोडले. त्यानंतर वाफेची जागा विजेने घेतली, एकाऐवजी अनेक लोहमार्ग झाले, महामार्ग व उड्डाणपूल बांधले गेले. तथापि प्रत्येक स्थानकावर थांबणाऱ्या धीम्या उपनगरी गाडीला आजही याच अंतरासाठी सु. एक तास लागतो. दोन शहरांमधील अंतर स्थिर असले, तरी प्रवासकाळ हा केवळ वाहनाच्या वेगावर अवलंबून नसतो. तो सत्तेच्या सीमा, पाण्यावरील पूल, घड्याळाचे प्रमाण, थांब्यांची संख्या आणि प्रवाशांची गर्दी यांवर ठरतो, ही गोष्ट या मार्गाच्या इतिहासावरून विशेष स्पष्ट होते.

अंतराची मोजणी : दोन स्थळांमधील अंतर एकाच संख्येने सांगण्याची प्रथा असली, तरी प्रत्यक्षात अशी अंतरे निदान तीन असतात : नकाशावरील सरळ रेषेचे, रस्त्याचे व लोहमार्गाचे. बोरीबंदर आणि ठाणे यांमधील सरळ रेषेचे अंतर सु. ३१ किमी. भरते. लोहमार्ग त्याहून अवघा ३ किमी. अधिक लांब आहे. साष्टीच्या डोंगररांगा पश्चिमेस ठेवून खाडीलगतच्या सखल पट्टीतून मार्ग काढता आल्यामुळे ही काटकसर साधली. सर्वच ठिकाणी असे घडलेले नाही. ठाणे आणि बोरिवली ही दोन स्थानके सरळ रेषेत एकमेकांपासून सु. १३ किमी. अंतरावर आहेत, परंतु मध्ये येऊरचे डोंगर व संजय गांधी राष्ट्रीय उद्यान असल्याने घोडबंदरमार्गे रस्त्याने जाणाऱ्यास जवळजवळ दुप्पट अंतर कापावे लागते आणि दादरला गाडी बदलून लोहमार्गाने जाणाऱ्यास सु. ५० किमी. प्रवास घडतो. मुंबई–पुणे हे सरळ रेषेतील अंतर सु. १२० किमी., तर लोहमार्गाचे १९२ किमी. आहे; मधला फरक सह्याद्रीच्या चढणीचा व तिला दिलेल्या वळशाचा आहे. म्हणून दोन शहरे किती दूर आहेत, या प्रश्नाचे उत्तर कोणत्या मार्गाने व कोणत्या वाहनाने, हे सांगितल्याखेरीज पुरे होत नाही.

जुन्या व्यवहारात अंतर सांगण्याची रीतही काळाशी जोडलेली होती. कोस हे अंतराचे माप प्रदेशपरत्वे कमीअधिक असे. स्थूलमानाने तो दोन मैलांचा धरल्यास ठाणे मुंबईपासून दहा कोसांवर येते. लांबच्या वाटेसाठी मजल, म्हणजे एका दिवसात होणारी वाटचाल, हे माप रूढ होते, तर वेळ घटका व प्रहर यांत सांगितली जाई. एक घटका २४ मिनिटांची व एक प्रहर तीन तासांचा. बैलगाडीचा वेग ताशी ३ ते ४ किमी. धरला, तर मुंबई ते ठाणे या प्रवासाला तीन ते चार प्रहर लागत. हाच प्रवास १८५३ मध्ये अडीच घटकांच्या आत आला. या बदलाचे महत्त्व त्या काळच्या लोकांना का वाटले, ते यावरून लक्षात येते.

लोहमार्गापूर्वीचा काळ : ठाणे व कल्याण ही दोन्ही नगरे मुंबईहून पुष्कळ जुनी आहेत. कल्याणचा उल्लेख कान्हेरीच्या शिलालेखांत व इसवी सनाच्या पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात आढळतो. जुन्नरहून नाणेघाटाने उतरणारा माल कल्याणच्या बंदरात येई. ठाणे (श्रीस्थानक) ही उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी होती. त्या काळी प्रवासाची दिशा ठाण्याकडून मुंबईकडे नव्हती. घाटमाथ्याकडून खाडीकडे व खाडीतून समुद्राकडे ती होती. मुंबई हा त्या काळी लहान बेटांचा एक समूह होता.

सतराव्या शतकात मुंबई इंग्रजांकडे आली (१६६५; ईस्ट इंडिया कंपनीकडे १६६८) आणि साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली. त्यामुळे या दोन गावांच्या मध्ये केवळ खाडी नव्हे, तर दोन राजसत्तांची सरहद्द उभी राहिली. मुंबईहून कल्याणकडे जाणाऱ्या होड्यांना ठाण्याच्या खाडीतून जावे लागे आणि तेथे पोर्तुगीज जकात घेत. ही जकात इंग्रज व पोर्तुगीज यांच्यातील दीर्घकालीन तंट्याचे एक कारण होती. मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाण्याचा किल्ला घेतला व १७३९ मध्ये वसई जिंकून साष्टीवरील पोर्तुगीज सत्ता संपुष्टात आणली. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे घेतले आणि सालबाईच्या तहाने (१७८२) साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. मुंबई आणि ठाणे एकाच सत्तेखाली आल्यावरच त्यांना जोडणाऱ्या पक्क्या रस्त्याचा विचार होऊ शकला.

या जोडणीतील पहिला टप्पा म्हणजे शीव येथील बंधारा-रस्ता. गव्हर्नर जोनाथन डंकन (कार. १७९५–१८११) यांच्या काळात तो बांधला गेला आणि मुंबई बेट साष्टीच्या जमिनीशी प्रथमच कायमचे सांधले गेले. तोवर भरती-ओहोटीच्या वेळा पाहून प्रवासाची वेळ ठरवावी लागे. पश्चिमेकडे माहीम व वांद्रे यांमधील खाडी मात्र १८४५ पर्यंत होडीनेच ओलांडावी लागत होती. जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी लेडी आवाबाई यांनी दिलेल्या १,५७,००० रुपयांच्या देणगीतून माहीमचा बंधारा-रस्ता झाला व तो पथकरमुक्त ठेवण्याची अट त्यांनी घातली. घाटाकडील बाजूस बोरघाटातील वाहनांचा रस्ता गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १० नोव्हेंबर १८३० रोजी खुला केला होता. अशा रीतीने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई ते ठाणे व तेथून पुढे देशाकडे अखंड खुष्कीचा मार्ग तयार झाला. परंतु त्यावरील वेग बैल, घोडा व पालखीचे भोई यांचाच राहिला.

लोहमार्ग : इंग्लंडमध्ये लिव्हरपूल व मँचेस्टर या दोन शहरांना जोडणारा सु. ५० किमी. लांबीचा लोहमार्ग १८३० मध्ये सुरू झाला. वेळापत्रकानुसार प्रवासी नेणारी, दोन मोठ्या शहरांमधील ती पहिली वाफेवरील रेल्वे होय. मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क यांना १८४३ मध्ये भांडुप येथे गेले असता मुंबई, ठाणे व कल्याण यांना थळ व बोर या घाटांशी लोहमार्गाने जोडण्याची कल्पना सुचली, असे रेल्वेच्या इतिहासात नोंदलेले आहे. जगन्नाथ शंकरशेट व जमशेटजी जीजीभाई या मुंबईतील धुरीणांनी या कल्पनेचा पाठपुरावा केला. दख्खनच्या पठारावरील कापूस लवकर बंदरात यावा, ही त्यामागील मुख्य व्यापारी प्रेरणा होती. ठाण्याच्या रहिवाशाने रोज मुंबईस जाऊन परत यावे, हा हेतू प्रारंभी कोणाच्याही डोळ्यांपुढे नव्हता.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी १८४९ मध्ये ब्रिटिश संसदेच्या अधिनियमाने स्थापन झाली. ईस्ट इंडिया कंपनीने तिच्या भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी दिली. जेम्स जॉन बर्कली हे मुख्य अभियंता होते. कामाचा प्रारंभ ३१ ऑक्टोबर १८५० रोजी शीवजवळ झाला. ज्या ठिकाणी पूर्वी बंधारा-रस्त्याने बेट व साष्टी जोडले गेले, त्याच परिसरात लोहमार्गाचीही पहिली कुदळ पडली. शनिवार, १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास २१ तोफांच्या सलामीनंतर, १४ डबे व सु. ४०० निमंत्रित घेऊन पहिली गाडी बोरीबंदरहून निघाली. साहिब, सिंध व सुलतान अशी तिच्या तीन इंजिनांची नावे होती. तिचा सरासरी वेग ताशी सु. ३६ किमी. पडतो. पुढील वर्षी, १ मे १८५४ रोजी, ठाण्याच्या खाडीवरील पूल व पारसिक येथील लहान बोगदे पार करून हा लोहमार्ग कल्याणला पोहोचला. बोरघाटाची चढण १८६३ मध्ये आणि थळघाटाची १८६५ मध्ये पूर्ण झाल्यावर कल्याण हे दोन्ही घाटांकडे फुटणाऱ्या मार्गांचे मोक्याचे प्रस्थानक बनले. मुंबईच्या या नव्या संसाराचे वर्णन गोविंद नारायण माडगावकर यांच्या मुंबईचे वर्णन (१८६३) या ग्रंथात सापडते.

लोहमार्गाने जुन्या बंदरांचा व्यापार ओढून घेतला. खाडीतील गलबतांची वाहतूक घटत गेली व ठाणे-कल्याणचे स्वतंत्र बंदर म्हणून असलेले महत्त्व उणावले. प्रवासकाळ कमी झाल्याने ही शहरे मुंबईच्या जवळ आली, हे खरे. पण त्याबरोबरच ती तिच्या कक्षेतही आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ठाणे हे जिल्ह्याचे, न्यायालयांचे व कचेऱ्यांचे गाव राहिले आणि मुंबईत नोकरी करून येथे घर ठेवणारा वर्ग हळूहळू वाढू लागला.

घड्याळाची वेळ : प्रवासकाळ मोजण्यासाठी निघण्याची व पोहोचण्याची वेळ एकाच घड्याळाने मोजावी लागते. पहिली गाडी निघाली तेव्हा मुंबईचे घड्याळ मुंबईच्या स्थानिक वेळेनुसार चाले. ती ग्रिनिच वेळेच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतातील रेल्वे कंपन्यांनी वेळापत्रकांसाठी मद्रास वेळ स्वीकारली. ही वेळ मुंबईच्या वेळेपेक्षा सु. ३० मिनिटे पुढे असल्याने शहरातील घड्याळ आणि स्थानकातील घड्याळ यांत अर्ध्या तासाचा फरक पडे. गाडी चुकू नये म्हणून प्रवाशाला दोन वेळांचा हिशेब ठेवावा लागे. १ जानेवारी १९०६ पासून ८२·५° पूर्व रेखावृत्तावर आधारलेली भारतीय प्रमाणवेळ लागू झाली व मुंबईच्या वेळेशी तिचा फरक ३९ मिनिटांचा ठरला. या बदलास मुंबईत तीव्र विरोध झाला. कामाची वेळ प्रत्यक्षात ३९ मिनिटे आधी सुरू होणार, म्हणून गिरणी कामगारांनी निषेध केला. नगरपालिकेनेही आपली घड्याळे मुंबईच्या वेळेवर ठेवली व ही प्रथा १९५५ पर्यंत टिकली. वेळेचे प्रमाणीकरण प्रवाशाच्या सोयीचे असले, तरी सकाळी घर किती वाजता सोडायचे हा प्रश्न कामगाराच्या झोपेचा व मजुरीचा असतो, याची ही जुनी साक्ष होय.

विद्युतीकरण व उपनगरी वाहतूक : भारतातील पहिली विजेवरील आगगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस व कुर्ला यांदरम्यान हार्बर मार्गावरून धावली. त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत मुख्य मार्गाचे कल्याणपर्यंत व पुढे घाटातून पुण्यापर्यंत विद्युतीकरण झाले. विजेची गाडी त्वरित वेग घेते व त्वरित थांबते. त्यामुळे जवळजवळ स्थानके ठेवून गाड्या वरचेवर सोडणे शक्य झाले. याच काळात पारसिकच्या डोंगरातून सु. १·३ किमी. लांबीचा बोगदा (१९१६) काढण्यात आला होता. मुंब्र्याला वळसा घालणारा जुना मार्ग टाळून ठाणे व दिवा यांमधील अंतर त्याने कमी केले. मुंबई–पुणे मार्गावरील दख्खनची राणी १ जून १९३० रोजी सुरू झाली, तेव्हा ती १९२ किमी. अंतर २ तास ४५ मिनिटांत तोडत असे. अलीकडील वेळापत्रकांत याच गाडीला तीन तासांहून अधिक वेळ दिलेला आढळतो.

वेगवान इंजिन असूनही प्रवासकाळ का वाढतो, याचे उत्तर या मार्गाच्या रचनेत आहे. मुंबई व ठाणे यांदरम्यान आज १७ मधली स्थानके आहेत. प्रत्येक थांब्यावर वेग कमी करणे, प्रवासी चढणे-उतरणे व पुन्हा वेग घेणे यांत मिनिट-दोन मिनिटे जातात. १८५३ ची गाडी मोकळ्या मार्गावरून जात होती. आजची गाडी तिच्या पुढच्या व मागच्या गाडीच्या मधल्या काही मिनिटांच्या जागेत चालते. जलद गाड्या ठाणे गाठण्यास सु. ४० ते ४५ मिनिटे घेतात, म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांत मिळालेली बचत पाव तासाच्या आसपास आहे. मात्र प्रवासकाळाऐवजी प्रवाशांची संख्या पाहिली, तर चित्र बदलते. प्रारंभीच्या चार डब्यांच्या विजेवरील गाड्यांऐवजी नऊ, बारा व २०१२ पासून मध्य रेल्वेवर काही पंधरा डब्यांच्या गाड्या धावू लागल्या. म्हणजेच तंत्रविद्येतील सुधारणेचा लाभ प्रत्येक प्रवाशाला कमी वेळाच्या रूपाने मिळण्याऐवजी अधिक प्रवाशांना तितक्याच वेळात नेण्याच्या रूपाने मिळाला. इटालियन भौतिकीविज्ञ चेझारे मार्केत्ती यांनी १९९४ मध्ये असे प्रतिपादन केले, की माणसे रोजच्या प्रवासावर सरासरी सु. एक तास खर्च करतात आणि वाहनाचा वेग वाढला की वेळ न वाचवता अधिक दूर राहू लागतात. ठाण्यापुढे डोंबिवली, कल्याण, बदलापूर, टिटवाळा अशी सरकत गेलेली वस्ती या विधानाचे उदाहरण म्हणून दाखविता येईल. मात्र तेथील पुष्कळ प्रवाशांचा रोजचा एकूण प्रवास तासाभराच्या कितीतरी पलीकडे गेला आहे, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

वागळे इस्टेट : ठाणे स्थानकाच्या पश्चिमेस सु. ३ किमी. अंतरावर, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी व मुलुंडच्या हद्दीलगत ही औद्योगिक वसाहत आहे. मुंबईतील कारखानदारीची दाटी कमी करून ती बाहेर न्यावी, हे स्वातंत्र्योत्तर काळात शासनाचे धोरण होते. महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम १९६१ मध्ये संमत झाला आणि १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. त्याच्या स्थापनेचा छोटेखानी समारंभ वागळे इस्टेट येथेच झाला. महामंडळाच्या सर्वांत जुन्या वसाहतींत तिची गणना होते.

या जागेच्या निवडीत अंतर व प्रवासकाळ यांचा हिशेब स्पष्ट दिसतो. मुंबईचे बंदर व बाजारपेठ मालमोटारीने एका दिवसात जाऊन येण्याइतकी जवळ, आग्रा रस्ता हाताशी, लोहमार्ग नजीक आणि जमीन मात्र मुंबईपेक्षा स्वस्त, असा हा मधला बिंदू होता. अभियांत्रिकी, विद्युत् साहित्य, औषधे, रसायने इत्यादींचे कारखाने येथे उभे राहिले. रस्त्यांना नावांऐवजी क्रमांक देण्यात आले व तेच क्रमांक आजही पत्ता म्हणून वापरले जातात. कामगारांसाठी राज्य कामगार विमा योजनेचे रुग्णालय झाले आणि किसननगर, लोकमान्यनगर, इंदिरानगर यांसारख्या दाट वस्त्या वसाहतीच्या कडेने वाढल्या. त्यांतील अनेकांचा कामावर जाण्याचा प्रवास पायी होता. घर आणि काम यांतील अंतरच कमी करणे हा प्रवासकाळ घटविण्याचा सर्वांत जुना उपाय असून, वागळे इस्टेटने काही काळ तो हजारो कुटुंबांना मिळवून दिला.

१९६१ मध्ये ठाण्याची लोकसंख्या सु. एक लाख होती. २०११ च्या जनगणनेत ती १८ लाखांवर गेली व कल्याण-डोंबिवलीची सु. १२·५ लाख झाली. ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये व कल्याणची १९८३ मध्ये स्थापन झाली. ठाण्याची नगरपालिकीय बससेवा १९८९ मध्ये सुरू झाली व तिचे एक प्रमुख आगार वागळे इस्टेटमध्ये आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून येथील पुष्कळ कारखाने बंद पडले वा स्थलांतरित झाले आणि त्यांच्या जागी कचेऱ्या व माहिती तंत्रज्ञानाच्या इमारती आल्या. परिणामी जवळच्या वस्तीतील कामगार कामासाठी दूर जाऊ लागला आणि येथील कचेऱ्यांत काम करणारा दुरून येऊ लागला. अशा प्रवाशाच्या दृष्टीने मुंबई–ठाणे ३४ किमी. ला लागणारी ४५ मिनिटे आणि स्थानकापासून वसाहतीपर्यंतच्या ३ किमी. ला रिक्षाची वा बसची रांग व कोंडी धरून लागणारा वेळ यांत फारसा फरक न उरणे, ही नित्याची बाब आहे. ठाणे व मुलुंड यांदरम्यान मनोरुग्णालयाच्या जागेवर नवे स्थानक योजण्यात आले, ते याच शेवटच्या टप्प्याचा काळ कमी करण्यासाठी.

वसाहतीला लागून असलेला मुलुंडचा नाका हा या मार्गाच्या इतिहासातील आणखी एका सातत्याचा पुरावा आहे. मुंबईत येणाऱ्या मालावरील जकात येथे घेतली जाई व मालमोटारींच्या लांब रांगा लागत. वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर, १ जुलै २०१७ पासून ही जकात बंद झाली. मुंबईच्या प्रवेशद्वारांवरील पथकरातून हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ मध्ये सूट देण्यात आली. पोर्तुगीजांच्या जकातीपासून या नाक्यापर्यंत, सीमेवर थांबण्याचा काळ हा मुंबई–ठाणे प्रवासकाळाचा एक घटक राहिलेला आहे.

विमानप्रवासाशी तुलना : विमानाने दोन शहरांमधील सरळ रेषेचे अंतर व प्रवासाचे अंतर जवळजवळ एक केले. जुहूचा विमानतळ १९२८ मध्ये सुरू झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला विमान उतरविले व भारतातील नियमित हवाई टपालसेवेस आरंभ झाला. तेव्हापासून लांबच्या शहरांचे अंतर किलोमीटरऐवजी उड्डाणाच्या तासांत सांगण्याची सवय रूढ झाली. मुंबई व दिल्ली सरळ रेषेत सु. १,१५० किमी. दूर असून विमानाला सु. दोन तास लागतात. तथापि ठाण्याच्या प्रवाशाला सु. २० ते २५ किमी. वरील मुंबईचा विमानतळ गाठावा लागतो, तेथे बराच वेळ आधी उपस्थित राहावे लागते व उतरल्यावर पुन्हा शहरात जावे लागते. त्यामुळे विमान प्रत्यक्ष हवेत असण्याचा काळ हा त्याच्या एकूण प्रवासकाळाच्या निम्म्याहून कमी भरतो. अंतर जितके कमी, तितका हा विषम हिशेब अधिक प्रतिकूल होतो. मुंबई–पुणे यांसारख्या अंतराला म्हणूनच आगगाडी व २००२ मध्ये पूर्ण झालेला ९४·५ किमी. लांबीचा द्रुतगती मार्ग यांनाच प्रवाशांची पसंती राहिली. नवी मुंबई विमानतळाचे उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. ठाणे व कल्याण-डोंबिवली येथील प्रवाशांना त्याचा लाभ किती, हे उड्डाणांच्या संख्येबरोबरच तेथपर्यंतच्या रस्त्यांवर व रेल्वेवर अवलंबून राहील.

प्रवासाची किंमत : गर्दीच्या वेळी प्रवासकाळाचे मोल केवळ मिनिटांत होत नाही. एक गाडी सोडून दुसरीची वाट पाहिली, तर कामावर उशीर होतो व पगार कापला जातो. म्हणून दारात लटकत जाणे प्रवाशाला भाग पडते. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्रा स्थानकाजवळ विरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोन गर्दीच्या गाड्यांमधून प्रवासी खाली पडले व त्यांतील काही मृत्युमुखी पडले. या उपनगरी मार्गांवर रूळ ओलांडताना व गाडीतून पडून दरवर्षी मोठ्या संख्येने माणसे दगावतात. ठाणे व दिवा यांदरम्यानची पाचवी व सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये खुली झाली, ती लांब पल्ल्याच्या व उपनगरी गाड्यांचा गुंता सोडविण्यासाठी. ठाणे व वाशी यांना जोडणारा लोहमार्ग २००४ मध्ये प्रवाशांना खुला झाला, तेव्हा नवी मुंबईला जाणाऱ्यांचा कुर्ल्यामार्गे पडणारा वळसा वाचला. या दोन्ही कामांत वाहनाचा वेग वाढविण्यापेक्षा वाटा वाढविण्यावर भर होता व त्यांचा उपयोग सामान्य प्रवाशाला प्रत्यक्ष झाला.

नवे व नियोजित मार्ग : रस्त्याने मुंबईच्या दक्षिण टोकाकडे जाण्याचा काळ २०१३ मध्ये खुल्या झालेल्या सु. १७ किमी. लांबीच्या पूर्व मुक्तमार्गाने कमी झाला. वडाळा–घाटकोपर–मुलुंड–ठाणे–कासारवडवली ही सु. ३२ किमी. लांबीची मेट्रो मार्गिका बांधली जात असून तिच्या ठाण्याकडील टप्प्यावर सप्टेंबर २०२५ मध्ये चाचणी घेण्यात आली. ठाणे–भिवंडी–कल्याण या सु. २५ किमी. लांबीच्या मेट्रो मार्गिकेचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले. ठाणे व बोरिवली यांदरम्यान राष्ट्रीय उद्यानाच्या खालून जाणाऱ्या जुळ्या बोगद्यांच्या कामाचे भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये करण्यात आले. तो पूर्ण झाल्यावर घोडबंदरचा वळसा टळेल. मुंबई–अहमदाबाद हा ५०८ किमी. लांबीचा अतिजलद लोहमार्ग वांद्रे-कुर्ला संकुलातून निघून शिळफाट्यापर्यंत सु. २१ किमी. लांबीच्या बोगद्यातून जाणार असून त्यातील सु. ७ किमी. भाग ठाण्याच्या खाडीखालून आहे. ठाणे येथेही त्याचे स्थानक योजले आहे. ज्या खाडीने कधी काळी प्रवाशाला भरतीची वाट पाहावयास लावली, तिच्या तळाखालून ताशी ३२० किमी. वेगासाठी आखलेली गाडी नेण्याची ही योजना होय.

या मार्गाचा दोन शतकांचा इतिहास पाहता प्रवासकाळ तीन कारणांनी घटल्याचे आढळते : अडथळा दूर झाल्याने (शीवचा बंधारा-रस्ता, पारसिकचा बोगदा, बंद झालेली जकात), वाहनाचा वेग वाढल्याने (वाफ व वीज), आणि घर व काम यांतील अंतर कमी झाल्याने (वागळे इस्टेटसारख्या वसाहती). यांपैकी वेगवृद्धीचा लाभ वाढत्या वस्तीने व गर्दीने वारंवार गिळून टाकला आहे. अडथळे दूर करण्याचा लाभ अधिक टिकाऊ ठरला. तिसऱ्या मार्गाचा अवलंब सर्वांत कमी झाला आणि जेथे झाला तेथे कारखाने उठल्यामुळे तो टिकला नाही. पुढील काळात नव्या मार्गिका व बोगदे किती मिनिटे वाचवितात, यापेक्षा ती मिनिटे कल्याण-डोंबिवलीहून पहाटे निघणाऱ्या प्रवाशाच्या पदरात पडतात की आणखी दूर सरकणाऱ्या वस्तीत खर्ची पडतात, यावर या मार्गाच्या सुधारणेचे यशापयश ठरेल.